कोल्ह्याच्या रानातली अळंबी

हेल्वेच्या स्वयंपाकघरात बसून लेहो लोण्यात परतलेली पिवळी अळंबी आणि उकडलेले बटाटे हाणत होता. समोर बसलेली हेल्वे त्याच्याकडे अशी बघत होती, जणू हा जप्तीला आलाय आणि वर जेवूनही चाललाय.

"सापडले का?" तिने विचारलं.

"सापडले असते तर इथं बसलो असतो?"

"बसला असतास. तू कामासाठी कुठं येतोस? बटाट्यासाठी येतोस."

"मग वाढ की अजून."

तिने वाढलं. वर आंबट सायीचा मोठा गोळाही टाकला. या गावाची ती रीतच होऊन गेली होती. ऑगस्ट सरत आला की देशाच्या विशेष दलाची एक तुकडी हावासिल्लाच्या आसपासच्या जंगलात उतरायची आणि दिसेनाशी व्हायची. सहा माणसं. त्यांनी आठवडाभर गावाच्या आधाराने जगायचं, गावाकडून खायचं, गावाकडूनच बातमी काढायची, आणि लेहोच्या शोधपथकाने त्यांना हुडकायचं. शनिवारी दुपारी चर्चची घंटा होईपर्यंत हाती लागले नाहीत तर पास, लागले तर घरी. शोधणारा असो की लपणारा, जेवायच्या वेळी दारात आला त्याला गाव बटाटे द्यायचं. बातमीच्या बाबतीत मात्र शोधणाऱ्यांना कुणी ताकास तूर लागू देत नसे.

लेहो या दलात अगदी पहिल्या दिवसापासून होता. परकं सैन्य नुकतंच देश सोडून गेलं होतं, आणि एका गळक्या बराकीत मूठभर पोरं उभी होती. एकाचे बूट फिनलंडचे, दुसऱ्याचे जर्मनीचे, तिसऱ्याचे त्याच्या आजोबांचे. वायरलेसचा संच एकच, आणि त्यावर नुसतं ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. शेजारी एवढा अवाढव्य की नकाशात मावत नाही, आणि आपला देश एवढासा, की सकाळी एका टोकाला न्याहारी करून निघालेला माणूस जेवायला दुसऱ्या टोकाला पोचतो, वाटेत मावशीकडे कॉफी घेऊनसुद्धा. असल्या देशाने विशेष दल काढलं म्हटल्यावर लोक तोंडावर हसायचे. पुढे हसायचे थांबले. पोरं परदेशात शिकून आली, लांबच्या वाळवंटांत लढून आली, दोन्ही पायांत एकाच देशाचे बूट आले. मग मोठमोठ्या देशांचे अधिकारीच इकडे यायला लागले, एवढ्या थोडक्या माणसांत तुम्ही हे जमवता कसं, ते बघायला.

लेहोला विचाराल तर त्याचं उत्तर हेल्वेच्या दारात होतं. पहिल्या वर्षी तो तिच्या दारात उभा राहिला तेव्हा तिने दार त्याच्या तोंडावर आपटलं होतं. मग खिडकी उघडून सांगितलं होतं, "माझ्या बापाने जंगलात लपलेल्यांना पाव दिला. ते सापडले, आणि आम्ही सगळे सैबेरियाच्या गाडीत. मी पाळण्यातली पोर होते. आता तू कुणाला पाव मागतोस, ते नीट बघून माग." दुधाने तोंड पोळलेलं गाव ताकही फुंकून पिणारच. त्या दिवशी बराकीत परतल्यावर लेहोने आपल्या पोरांना एकच नियम घालून दिला: ज्या घरचं खायचं, त्या घराशी खोटं बोलायचं नाही. धोका काय आहे ते आधी सांगायचं. मग दार उघडलं तर उघडलं, नाही तर उपाशी पुढं जायचं. दुसऱ्या वर्षी हेल्वेने खिडकीतून बटाटे दिले. तिसऱ्या वर्षी दार उघडलं, तेही वासराला दूध पाजताना हात मोकळे नव्हते म्हणून, लाथेने. तेव्हापासून ते उघडंच आहे.

आणि यंदा हे सगळं पणाला लागलं होतं. लेहोचं नोकरीतलं हे शेवटचं वर्ष. राजधानीतल्या काही शहाण्यांचं म्हणणं होतं, की गावात लपणं-बिपणं आता जुनं झालं. आकाशातून सगळं दिसतं, तेव्हा म्हातारा गेला की ही परीक्षा कुंपणातल्या सरावरानात हलवावी, खर्च कमी आणि ताप कमी. हे थांबवायचं तर लेहोनंतर हे काम अंगावर घेणारं कुणीतरी हवं होतं, आणि असं एकच माणूस त्याच्या नजरेत होतं. तिचं नाव आन्नेला. या वर्षीच्या लपणाऱ्या तुकडीची प्रमुख तीच होती. मागच्या वर्षी तिच्या तुकडीतल्या एकाने उघड्यावर मोजे वाळत घातले आणि सगळे सापडले. ही तिची दुसरी खेप. तिसरी कुणालाच मिळत नाही. ती पास झाली तर गाव तिच्या हाती देऊन लेहो निश्चिंत मनाने घरी जाणार होता. सापडली तर ती बाहेर, आणि परीक्षा कुंपणात.

थोडक्यात, शोधपथकाच्या प्रमुखालाच मनापासून हरायचं होतं. पण हात राखून शोधणं त्याच्या रक्तात नव्हतं. शोधणाऱ्याने मुद्दाम डोळे मिटले तर आज पोरं पास होतात आणि उद्या खऱ्या जंगलात मरतात, हे तो स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आला होता. म्हणून तो जीव तोडून शोधत होता, आणि काही सापडलं नाही की त्याला दुप्पट भूक लागत होती.

"पोरगी चांगली आहे," हेल्वे म्हणाली.

"कोण पोरगी?" लेहोने तोंडातला घास थांबवून विचारलं.

"माझ्या बहिणीची नात. तुला कोण वाटली?"

लेहोने गुपचूप बटाटा खाल्ला.

शुक्रवारी सकाळी तो राउनोला घेऊन उत्तरेकडच्या कोल्ह्याच्या रानात गेला. राउनो हा पथकातला लेफ्टनंट, राजधानी तालिनचा, ड्रोनवाला. त्याच्या ड्रोनला आतापर्यंत रानडुकरं, नदीकाठी चोरून भेटणारं एक मध्यमवयीन जोडपं आणि कुणाचं तरी हरवलेलं वासरू सापडलं होतं. वासरू सापडल्यामुळे गावात त्याची पत वाढली होती. जोडप्यामुळे घटली होती.

"मास्तर, हे रान आपण सोमवारी वरून बघितलंय," तो म्हणाला. दलात सगळे लेहोला मास्तरच म्हणत. "उष्णता शून्य. कोल्हासुद्धा नाही."

"वरून कोल्हा दिसत नाही, म्हणून तो कोल्हा."

"हे तुम्ही आत्ता बनवलंत."

"हो. चल."

पायवाट देवदारांमधून आत गेली. दव अजून वाळलं नव्हतं. पहिल्याच वळणावर राउनो "अरे बापरे!" म्हणून ओरडला आणि गुडघ्यांवर बसलासुद्धा. त्याने टोपी काढून उलटी धरली आणि चाकू उघडला. वाटेच्या दोन्ही अंगांना शेवाळ पिवळंधमक झालं होतं. अळंबी दाटीवाटीने उगवली होती, लहान बोटाएवढी, तळहाताएवढी, काही तर जून होऊन कडेला फाटायला लागलेली.

"हात लावू नकोस," लेहो म्हणाला.

"का? विषारी आहे का? पिवळी अळंबी ओळखता येत नाही एवढा काही मी शहरी नाही हां, मास्तर."

या देशात माणूस एक वेळ आपला पगार सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. हेल्वेचा आणि तिच्या धाकट्या बहिणीचा अळंबीच्या एका उतारावरून अबोला झाला होता, आणि तो मिटला तो बहिणीच्या नवऱ्याच्या मयतीला. असल्या गावात, ऑगस्टमध्ये, पायवाटेला लागून असलेली एवढी अळंबी आठवडाभर उभी राहते म्हणजे काय? कुणीच इकडे फिरकलेलं नाही. का नाही? कारण कुणीतरी सांगितलंय, या रानाकडे जाऊ नका. आणि असं सांगायची गरज कुणाला पडेल, हे कळायला ड्रोन लागत नाही.

आन्नेला, आन्नेला, काय केलंस हे पोरी, तो मनात म्हणाला. पाऊलखूण नाही, धूर नाही, वाळत घातलेला मोजा नाही, आणि गावाच्या प्रेमानेच घात केला. ही चूक इंग्रजाने केली नसती, अमेरिकनाने केली नसती. ती आपल्याच माणसाकडून व्हायची आणि आपल्याच माणसाला दिसायची.

राउनो अजून गुडघ्यांवरच होता. "मग? तोडू की नको?"

आता हा क्षण असा होता, की लेहोने नुसती होकाराची मान हलवली असती तर राउनोने टोपी भरली असती, मग खिसे भरले असते, मग तंबूतल्या बाकीच्यांना बोलावून आणलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत खुणेचा मागमूस उरला नसता. कुणाला कधी कळलं नसतं. सैन्यात लेहोसारखा खमक्या माणूस नाही असं म्हणायचे, पण त्या वाटेवर तो चांगला सिगारेटभर वेळ नुसता उभा राहिला, आणि सिगारेट तर त्याने केव्हाच सोडली होती.

"चाकू मीट," तो शेवटी म्हणाला. "आणि सगळ्यांना बोलाव. ते इथं आहेत."

त्याने राउनोला कारण सांगितलं. राउनोने एकदा अळंबीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "मास्तर, तुमचा चेहरा का पडलाय? जिंकलो ना आपण?"

"जिंकलो," लेहो म्हणाला.

दुपारपर्यंत पथकाने रान घेरलं. त्या दिवशी त्यांना एक कापलेली फांदी मिळाली, आणि तिन्हीसांजेला ओढ्याकाठी बुटाचा अर्धा ठसा. शनिवारी सकाळी खांद्याला खांदा लावून सगळे आत शिरले. ऊन वर आल्यावर कुत्र्याने एका पडलेल्या झाडाच्या मुळाशी जमीन उकरायला सुरुवात केली. शेवाळाचा थर सरकवला तर खाली फळ्या. राउनोच्या तोंडावर दिवाळी.

लेहो पुढे झाला. त्याने वाकून फळीवर टकटक केली, परीक्षा संपली की करतात तशी. "आन्नेला, बाहेर या सगळे. झालं."

उत्तर आलं नाही. त्याने फळी उचलली, आत उतरला आणि टॉर्च लावला.

जागा झकास होती. सहा माणसं मावतील एवढी खणलेली, भिंतींना ओंडके, खाली देवदाराच्या कोवळ्या फांद्यांचं अंथरूण. लेहोने त्या फांद्यांवर हात ठेवला. त्या ताठ होत्या, एकही दबलेली नव्हती. त्याने नाक वर करून वास घेतला. ओल्या मातीचा वास, चिकाचा वास. सहा माणसांनी आठवडा काढलेल्या बिळाला जो वास येतो, तो स्वतः अशा बिळांत राहिलेला माणूस जन्मात विसरत नाही. इथं कुणी आठवडा सोडा, एक डुलकीही काढली नव्हती.

वर राउनो ओरडत होता, "आहेत का? मास्तर, आहेत का?"

आणि तेवढ्यात, गावाच्या पलीकडून, चर्चची घंटा वाजायला लागली.

लेहो त्या फांद्यांवर मटकन बसला आणि हसायला लागला. तो इतका हसला, की राउनोला वाटलं आत मास्तरला काहीतरी चावलं.

हेल्वेच्या अंगणात लांब टेबल मांडलं होतं. एका बाजूला सहाही जण ओळीने बसले होते, सौनाच्या वाफेतून नुकतेच निघालेले, लालबुंद, ओल्या केसांचे, आणि काळ्या पावावर डुकराचं खारं मांस ठेवून असे खात होते, जणू जन्माचे उपाशी. गावातली निम्मी माणसं तिथंच होती. शोधपथक फाटकातून आत आलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, इकडे तशी पद्धत नाही. सगळे फक्त जरा जास्तच गंभीर चेहरे करून त्यांच्याकडे बघत राहिले.

"कुठं होतात?" लेहोने विचारलं.

आन्नेला उभी राहिली. तिशीतली, रुंद खांद्यांची, नाकाचं टोक डासांनी खाल्लेलं. "चर्चमागच्या रानात."

"ते तर आम्ही मंगळवारी कुत्री घेऊन पालथं घातलं!" राउनो म्हणाला. "तिथं अख्खं गाव अळंबी तोडत होतं. पाय ठेवायला जागा नव्हती."

"हो ना," आन्नेला म्हणाली. "कुत्र्यांना पन्नास माणसांचा वास येत होता. त्यात आमचे सहा कुठले ते त्यांनी तरी कसं सांगावं?"

"आणि जेवण?"

"टोपल्यांतून," शेजारची एक बाई म्हणाली. "जाताना फडक्याखाली पाव, येताना वर अळंबी."

"तीही आम्हाला तोडायला लागत नव्हती," दुसरी म्हणाली. "ही पोरंच पहाटे तोडून ढीग लावून ठेवायची. बसून बसून कंटाळायची बिचारी."

लेहोने सावकाश हेल्वेकडे मान वळवली. "म्हणजे मी इथं बसून आठवडाभर जी खाल्ली..."

"लोण्यात छान लागते, नाही?" हेल्वे म्हणाली.

काखेत कळसा तो हाच. टेबलावर आता गांभीर्य टिकेना. एकाचा घास नाकात गेला. पण लेहो हसत नव्हता. एक गोष्ट त्याला टोचत होती, आणि ती विचारल्याशिवाय त्याला पाणीही गोड लागलं नसतं.

"आन्नेला, कोल्ह्याच्या रानात गाव आठवडाभर गेलं नाही. तू त्यांना काय सांगितलं होतंस? आम्ही तिथं आहोत असं?"

तिला प्रश्न कळला. दलातल्या प्रत्येकाला तो एक नियम पाठ होता.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "मी कुणाशी खोटं बोलले नाही. आम्ही कुठं आहोत, तिकडं बीळ का खणलंय, सगळं सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच संध्याकाळी सांगितलं."

"सगळ्यांना? अख्ख्या गावाला? आणि एकही जण फुटला नाही?"

"कुणाला फुटणार?" हेल्वे म्हणाली. "तुला? तू तर नुसता बटाटे खात होतास. आणि हिला कशाला दटावतोस? अक्कल माझी आहे. ही आली आणि म्हणाली, मास्तरांना चकवायचं तर खोटी खूण ठेवायला हवी, पण ते फांदीला भुलणार नाहीत, ठशाला भुलणार नाहीत. मी म्हटलं, हा माणूस मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फांदी कुणीही तोडेल. गावाचं खरंच काही नुकसान झालेलं दिसलं, तरच हा विश्वास ठेवील. म्हणून कोल्ह्याचं रान सोडलं."

"सोडलं म्हणजे," मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला, "इतक्या वर्षांत एवढी अळंबी आली नव्हती हो! मी रोज लांबून बघून यायचो. डोळ्यांत पाणी यायचं."

"आणि माझ्या बहिणीने पण शब्द पाळला," हेल्वे म्हणाली. "तिने! आम्ही भांडलो तो उतार तिथलाच आहे."

लेहोने टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला आनंद झाला होता, भरभरून झाला होता. पहिल्या वर्षी त्याने ज्या दारांवर थापा मारल्या होत्या, ती सगळी दारं एक झाली आणि त्यांनी त्याला बनवलं. त्याच्यावाचून, त्याच्याविरुद्ध, आणि त्याच्याच नियमाला धरून. याहून जास्त माणसाने काय मागावं? आणि तरी कुठंतरी आत बारीक कळ आली. आता यांना आपली गरज उरली नाही. सोमवारी उठून आपण कुठं जायचं?

"पास," तो आन्नेलाला म्हणाला. "सगळे पास. आणि राजधानीतले आले तर त्यांना म्हणावं, आधी कुंपण घालून या हेल्वेला त्यात कोंडून दाखवा."

आन्नेलाने हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि सोडायला जरा उशीर केला.

जेवणं उरकली. पोरं पेंगायला लागली, राउनो हरवलेल्या वासराच्या मालकाकडून चीजचा गोळा घेऊन आला. लेहो आपला कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसला. हेल्वे बाहेर आली आणि गुडघ्याला हात लावून, कण्हत, त्याच्या शेजारी टेकली.

"पुढच्या वर्षी तू कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही. आता पेन्शन. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, खिडकीतून बसचा थांबा दिसतो. बघत बसेन."

"पेन्शन इथं सगळ्यांनाच आहे. म्हणून कुणी बसच्या थांब्याकडं बघत बसत नाही." तिने हनुवटीने वाटेकडे खूण केली. "वळणावरचं काउप्पोचं घर रिकामं पडलंय. पोरगा स्वीडनला, स्वस्तात देईल. पुढच्या वर्षी आन्नेलाची माणसं ठेवायला आम्हाला एक घर कमीच पडतं."

इतकी वर्षं तो या गावात येत होता, पण नेहमी पाहुणा म्हणून किंवा शिकारी म्हणून. "मला घेईल गाव?"

"काल रात्री विचारलं सगळ्यांना. आढेवेढे घेतले थोडे. खातो फार, म्हणाले." तिने त्याच्या हातातला कप घेतला आणि उरलेली कॉफी गवतात ओतली, ती गार झाली होती. "छप्पर ठीक आहे. तळघर तेवढं ढासळलंय. ते खणावं लागेल."

"एकट्याने?"

"मग? लपवायची जागा काय लोकांना बोलावून खणतात?"

लेहोने वळणाकडे पाहिलं. झाडांतून काउप्पोच्या घराची चिमणी दिसत होती.

"फावडं आहे का तुझ्याकडं?" त्याने विचारलं.